कनिष्ठ जागतिक मैदानी स्पर्धा : पदकानंतरची वाट

२३ जुलै २०१६ रोजी पोलंडमधील बिडगोश्च येथे वीस वर्षांखालील खेळाडूंच्या जागतिक मैदानी स्पर्धेत भारताच्या नीरज चोप्राने ८६.४८ मीटर अंतरावर भाला फेकला. या फेकीने कनिष्ठ गटातील ८४.६९ मीटरचा जागतिक विक्रम मोडीत निघाला आणि मैदानी खेळांत, कोणत्याही वयोगटात, जागतिक अजिंक्यपद मिळवणारा नीरज हा पहिला भारतीय ठरला. त्याच अंतिम फेरीत ग्रेनाडाचा अँडरसन पीटर्स तिसरा आला होता. पाकिस्तानच्या अर्शद नदीमला मात्र प्राथमिक फेरीही ओलांडता आली नव्हती. आठ वर्षांनंतर, ८ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये भालाफेकीच्या विजयमंचावर हेच तिघे उभे होते. नदीमने ९२.९७ मीटरच्या ऑलिंपिक विक्रमासह सुवर्ण, नीरजने ८९.४५ मीटरसह रौप्य आणि पीटर्सने ८८.५४ मीटरसह कांस्यपदक मिळवले.

एकाच मैदानावर उतरलेल्या तीन तरुणांचा हा क्रम आठ वर्षांत पूर्णपणे बदलला. कनिष्ठ गटातील जागतिक स्पर्धेचे महत्त्व आणि तिच्या मर्यादा या दोन्ही गोष्टी या उदाहरणातून स्पष्ट होतात. अशी स्पर्धा खेळाडूला जागतिक दर्जाची ओळख करून देते. परंतु त्याच्या भवितव्याचा निकाल देत नाही. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी मिळालेले पदक हा पायरीवरचा एक टप्पा असतो. त्या टप्प्यापासून वरिष्ठ गटापर्यंतची चार-पाच वर्षे कशी जातात, यावर राष्ट्राच्या क्रीडाव्यवस्थेची खरी कसोटी लागते. या दृष्टीने या स्पर्धेची रचना, भारताची आजवरची कामगिरी आणि त्यामागील व्यवस्था यांचा विचार करणे उपयुक्त ठरेल.

स्पर्धेचा उगम आणि रचना

मैदानी खेळांचे जागतिक नियमन करणारी संस्था १९१२ मध्ये स्टॉकहोम येथे स्थापन झाली. अनेक दशके ती आंतरराष्ट्रीय हौशी ॲथलेटिक महासंघ या नावाने ओळखली जात असे. २०१९ मध्ये तिने ‘वर्ल्ड ॲथलेटिक्स’ हे नाव स्वीकारले. तिचे मुख्यालय मोनॅको येथे आहे. वरिष्ठ गटाची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९८३ मध्ये हेलसिंकी येथे झाली आणि त्यानंतर तीनच वर्षांनी, १९८६ मध्ये, अथेन्स येथे कनिष्ठ गटाची पहिली जागतिक स्पर्धा भरवण्यात आली. तेव्हापासून ही स्पर्धा साधारणपणे दर दोन वर्षांनी, सम वर्षी होत आली आहे. कोविड महासाथीमुळे २०२० ची स्पर्धा एक वर्ष पुढे ढकलून ऑगस्ट २०२१ मध्ये नैरोबी येथे घ्यावी लागली. २०२२ मध्ये कोलंबियातील काली आणि २०२४ मध्ये पेरूची राजधानी लिमा ही यजमान शहरे होती. २०२६ च्या स्पर्धेचे यजमानपद अमेरिकेतील युजीन या शहराकडे सोपवण्यात आले. पूर्वी ‘जागतिक कनिष्ठ स्पर्धा’ असे संबोधले जाणारे हे आयोजन आता ‘वीस वर्षांखालील जागतिक स्पर्धा’ या नावाने ओळखले जाते.

या स्पर्धेतील पात्रता जन्मवर्षावर ठरते. स्पर्धेच्या वर्षी ३१ डिसेंबर रोजी ज्यांचे वय १६ ते १९ वर्षे असेल, असेच खेळाडू सहभागी होऊ शकतात. वैयक्तिक प्रकारात एका देशाला जास्तीत जास्त दोन खेळाडू उतरवता येतात. त्यामुळे एखाद्या प्रकारात बलाढ्य असलेल्या देशालाही विजयमंच एकट्याने व्यापता येत नाही आणि लहान देशांना संधी मिळते.

वयाच्या या नियमाचा एक परिणाम सहसा लक्षात येत नाही. स्पर्धा दर दोन वर्षांनी सम वर्षी होत असल्याने विषम वर्षी जन्मलेल्या खेळाडूला ती वयाच्या एकोणिसाव्या वर्षगटात, म्हणजे कनिष्ठ गटातील सर्वांत परिपक्व अवस्थेत खेळता येते. सम वर्षी जन्मलेल्याला मात्र ती अठराव्या वर्षगटातच मिळते. पुढच्या स्पर्धेपर्यंत तो वयोमर्यादा ओलांडतो. नीरजचा जन्म डिसेंबर १९९७ चा, तर २०१८ मध्ये ४०० मीटर शर्यत जिंकणाऱ्या हिमा दासचा जन्म जानेवारी २००० चा आहे. म्हणजे हिमाने आपल्याहून एक वर्षाने मोठ्या गटातील धावपटूंनाही मागे टाकले होते. वाढीच्या वयात एका वर्षाचा फरक स्नायूंची ताकद, उंची आणि सहनशक्ती यांत मोठी तफावत निर्माण करतो. कनिष्ठ गटाचे निकाल वाचताना ही बाब ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

साधनांचे वजन आणि वाढते शरीर

कनिष्ठ आणि वरिष्ठ गटांतील फरक केवळ वयाचा नसून साधनांचाही आहे. वाढत्या वयातील सांधे आणि कणा यांवर अवाजवी ताण पडू नये, यासाठी फेकीच्या साधनांचे वजन आणि अडथळ्यांची उंची वयोगटानुसार ठरवण्यात आली आहे. गोळाफेकीत अठरा वर्षांखालील मुलांचा गोळा ५ किलोग्रॅमचा, वीस वर्षांखालील गटात ६ किलोग्रॅमचा आणि वरिष्ठ पुरुष गटात ७.२६ किलोग्रॅमचा असतो. थाळीचे वजन याच क्रमाने १.५, १.७५ आणि २ किलोग्रॅम असते. ११० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत अडथळ्याची उंची अठरा वर्षांखालील मुलांसाठी ९१.४ सेंटिमीटर, वीस वर्षांखालील गटासाठी ९९.१ सेंटिमीटर आणि वरिष्ठांसाठी १०६.७ सेंटिमीटर ठेवण्यात येते.

मुलींच्या बाबतीत हा बदल लवकर पूर्ण होतो. अठरा वर्षांखालील मुली ३ किलोग्रॅमचा गोळा आणि ५०० ग्रॅमचा भाला वापरतात. वीस वर्षांखालील गटात मात्र त्यांना वरिष्ठ महिलांप्रमाणेच ४ किलोग्रॅमचा गोळा आणि ६०० ग्रॅमचा भाला हाताळावा लागतो. पुरुषांच्या भालाफेकीतही वीस वर्षांखालील गटात वरिष्ठांचाच ८०० ग्रॅमचा भाला वापरला जातो. म्हणूनच नीरजच्या ८६.४८ मीटर फेकीची तुलना वरिष्ठ गटाशी थेट करता येते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिओ ऑलिंपिकमधील कांस्यपदक ८५.३८ मीटरच्या फेकीला मिळाले. ऑलिंपिक पात्रतेची मुदत ११ जुलै रोजी, म्हणजे बिडगोश्चच्या अंतिम फेरीच्या बारा दिवस आधीच संपलेली असल्याने नीरजला रिओला जाता आले नाही. याउलट गोळाफेक किंवा थाळीफेक यांतील कनिष्ठ विक्रमवीराला वरिष्ठ गटात आल्यावर अधिक जड साधनाशी नव्याने जुळवून घ्यावे लागते आणि त्यात दोन-तीन वर्षे सहज निघून जातात. या काळात कामगिरी घसरल्यासारखी दिसली, तरी ती अपयशाची खूण असतेच असे नाही.

अठरा वर्षांखालील जागतिक स्पर्धा का थांबली?

वीस वर्षांखालील स्पर्धेला जोड म्हणून १९९९ मध्ये अठरा वर्षांखालील खेळाडूंसाठी स्वतंत्र जागतिक युवा स्पर्धा सुरू करण्यात आली. योगायोगाने तिचा प्रारंभही बिडगोश्च येथेच झाला. पहिल्याच स्पर्धेत रशियाच्या येलेना इसिनबायेवाने बांबू उडीत सुवर्णपदक मिळवले. २००३ मध्ये कॅनडातील शेरब्रूक येथे जमैकाच्या युसेन बोल्टने २०० मीटर शर्यत २०.४० सेकंदांत जिंकली. २०११ मध्ये फ्रान्समधील लील येथे केनियाची फेथ किपयेगॉन १५०० मीटरमध्ये विजयी झाली. हे तिघेही पुढे ऑलिंपिक विजेते झाले.

ही नावे डोळ्यांत भरणारी असली, तरी अशा यशस्वी खेळाडूंच्या तुलनेत पुढे कधीच न दिसलेल्या विजेत्यांची संख्या पुष्कळ मोठी होती. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना जागतिक पदकासाठी तयार करण्याच्या ईर्षेतून प्रशिक्षणाचा अतिरेक, एकाच प्रकारात अकाली विशेषीकरण आणि दुखापती वाढतात, हा आक्षेप क्रीडाशास्त्रज्ञ सातत्याने घेत होते. अखेर २०१६ मध्ये जागतिक महासंघाने ही स्पर्धा बंद करण्याचा आणि त्याऐवजी खंडीय पातळीवरील युवा स्पर्धांना बळ देण्याचा निर्णय घेतला. जुलै २०१७ मध्ये नैरोबी येथे झालेली दहावी स्पर्धा ही अखेरची ठरली. आशियात अठरा वर्षांखालील खंडीय स्पर्धा २०१५ मध्ये दोहा येथे सुरू झाली होती. याशिवाय आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१० मध्ये सिंगापूर येथे युवा ऑलिंपिक स्पर्धांचा प्रारंभ केला असून त्यांतही मैदानी खेळांचा समावेश आहे.

युवा ऑलिंपिकमधून भारताला मिळालेला एक लाभ येथे नमूद करण्याजोगा आहे. २०१८ च्या ब्युनोस आयर्स स्पर्धेत तिहेरी उडीत कांस्यपदक मिळवणाऱ्या प्रवीण चित्रवेलने २०२३ मध्ये १७.३७ मीटरचा राष्ट्रीय विक्रम प्रस्थापित केला. युवा गट आणि वरिष्ठ गट यांमधील अंतर पाच वर्षांत यशस्वीपणे पार केल्याचे हे उदाहरण आहे.

भारताची कामगिरी

वीस वर्षांखालील जागतिक स्पर्धेत भारताचे पहिले पदक २००२ मध्ये जमैकातील किंग्स्टन येथे सीमा अंतिलने थाळीफेकीत मिळवले; ते कांस्यपदक होते. दोन वर्षांपूर्वी सँटियागो येथे ती याच प्रकारात पहिली आली होती. परंतु चाचणीत स्यूडोएफेड्रिन हे सर्दीवरील औषधांत आढळणारे द्रव्य सापडल्याने ते सुवर्णपदक काढून घेण्यात आले होते. किंग्स्टननंतर पुढच्या पदकासाठी भारताला बारा वर्षे थांबावे लागले. २०१४ मध्ये युजीन येथे नवजीत कौर ढिल्लनने थाळीफेकीतच कांस्यपदक पटकावले.

२०१६ च्या नीरजच्या विजयानंतर चित्र बदलू लागले. १२ जुलै २०१८ रोजी फिनलंडमधील टाम्परे येथे आसामच्या नगाव जिल्ह्यातील धिंग येथील हिमा दासने ४०० मीटर अंतर ५१.४६ सेकंदांत पार करून सुवर्णपदक जिंकले. धावण्याच्या शर्यतीत जागतिक अजिंक्यपद मिळवणारी ती पहिली भारतीय होय. २०२१ मध्ये नैरोबीत भारताला तीन पदके मिळाली. अमित खत्रीने १०,००० मीटर चालण्याच्या शर्यतीत रौप्य, शैली सिंगने लांब उडीत रौप्य आणि ४ x ४०० मीटर मिश्र रिले संघाने कांस्यपदक मिळवले. शैलीची उडी ६.५९ मीटरची होती. सुवर्णपदक विजेत्या स्वीडनच्या माया आस्कागची ६.६० मीटरची. अवघ्या एका सेंटिमीटरने सुवर्ण हुकले. मात्र महासाथीमुळे अमेरिका, चीन, ऑस्ट्रेलिया यांसारखे देश नैरोबीत उतरले नव्हते, हेही या पदकांचे मूल्यमापन करताना विसरता येत नाही. म्हणून पुढील वर्षी काली येथे मिळालेली तीन पदके अधिक आश्वासक ठरतात. तेथे मिश्र रिले संघाने रौप्य आणि तमिळनाडूच्या सेल्वा प्रभूने तिहेरी उडीत रौप्यपदक मिळवले. मेरठ जिल्ह्यातील रूपल चौधरीने ४०० मीटरमध्ये कांस्यपदक जिंकले. रिले संघातही असलेली रूपल एकाच स्पर्धेत दोन पदके मिळवणारी पहिली भारतीय ठरली. २०२४ मध्ये लिमा येथे आरतीने १०,००० मीटर चालण्याच्या शर्यतीत ४४ मिनिटे ३९.३९ सेकंदांच्या वेळेसह कांस्यपदक जिंकले.

लिमापर्यंत भारताची एकूण पदके अकरा होतात : २ सुवर्ण, ४ रौप्य आणि ५ कांस्य. यांपैकी दहा पदके २०१४ ते २०२४ या काळातील आहेत. या आकड्यांतून आणखी एक गोष्ट दिसून येते. दोन मिश्र रिले पदके वगळता उरलेल्या नऊ वैयक्तिक पदकांपैकी सहा मुलींनी मिळवली आहेत. धिंग, झाशी, मेरठ परिसर अशा, महानगरांपासून दूर असलेल्या ठिकाणांहून या मुली आल्या. ग्रामीण मुलींना मैदान, प्रशिक्षक आणि कुटुंबाची संमती या तीन गोष्टी मिळाल्यास काय घडू शकते, याचा हा पुरावा आहे. स्त्री-पुरुष समानतेच्या चर्चेत या पदकांची नोंद क्वचितच घेतली जाते.

पदकानंतरची गळती

कनिष्ठ गटातील यश वरिष्ठ गटात टिकवणे सर्वत्रच अवघड असते. बोल्टचे उदाहरण याबाबत बोलके आहे. २००२ मध्ये, वयाची सोळा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, त्याने किंग्स्टन येथे घरच्या प्रेक्षकांसमोर २०० मीटरचे कनिष्ठ विश्वविजेतेपद मिळवले. परंतु २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये दुखापतग्रस्त अवस्थेत तो पहिल्याच फेरीत बाद झाला. त्याचे पहिले ऑलिंपिक सुवर्ण २००८ मध्ये आले. मधल्या सहा वर्षांत त्याच्याभोवती प्रशिक्षक, वैद्यकीय मदत आणि संयम नसता, तर तोही विस्मृतीत गेलेल्या कनिष्ठ विजेत्यांपैकी एक ठरला असता.

भारतात हीच वर्षे अधिक कठीण असतात. अठराव्या वर्षी खेळाडूसमोर एकाच वेळी अनेक प्रश्न उभे राहतात. बारावीनंतरचे शिक्षण, कुटुंबाचे उत्पन्न, नोकरीची अनिश्चितता आणि मुलींच्या बाबतीत विवाहाचा आग्रह यांना तोंड देत सराव चालू ठेवावा लागतो. कनिष्ठ पदकामुळे अपेक्षांचे ओझे वाढते; दुखापत झाल्यास विश्रांती घेण्याऐवजी लवकर मैदानात उतरण्याचा दबाव येतो. हिमा दासने २०१८ च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत ५०.७९ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून रौप्यपदक मिळवले. पण नंतर पाठीच्या दुखापतीने तिची वाटचाल खंडित झाली आणि टोकियो ऑलिंपिकसाठी ती पात्र ठरू शकली नाही. शैली सिंगने २०२३ मध्ये आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवून वरिष्ठ गटात स्थान निर्माण केले. प्रत्येक खेळाडूची वाट वेगळी असते. मात्र ती वाट मोकळी राहील अशी व्यवस्था करणे ही सामूहिक जबाबदारी ठरते.

इतर देशांनी या संक्रमणकाळासाठी आपापल्या परिस्थितीनुसार पूल बांधले आहेत. सुमारे २८ लाख लोकसंख्येच्या जमैकात १९१० पासून चालत आलेली आंतरशालेय मैदानी स्पर्धा हा राष्ट्रीय सोहळा असतो. अमेरिकेत विद्यापीठांच्या क्रीडा शिष्यवृत्त्या अठरा ते बावीस या वयातील खेळाडूला शिक्षण, प्रशिक्षण आणि स्पर्धा एकाच ठिकाणी मिळवून देतात. केनियातील इटेन येथे ब्रदर कोम ओ’कॉनेल या एकाच प्रशिक्षकाने डेव्हिड रुडिशाला शालेय वयापासून घडवले. २००६ मध्ये ८०० मीटरचा कनिष्ठ विश्वविजेता झालेल्या रुडिशाने २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये १ मिनिट ४०.९१ सेकंदांचा जागतिक विक्रम केला. शाळा, विद्यापीठ किंवा प्रशिक्षक यांपैकी किमान एक धागा सलग राहिल्यास कनिष्ठ गुणवत्ता टिकते, हा या उदाहरणांचा समान अर्थ आहे.

वयचोरी आणि उत्तेजके

कनिष्ठ स्पर्धांना दोन गंभीर अपप्रवृत्तींनी ग्रासले आहे. पहिली वयचोरी. जन्मनोंदीतील त्रुटींचा फायदा घेऊन मोठ्या वयाचा खेळाडू लहान गटात उतरवला जातो. यात केवळ नियमभंग होत नाही, तर खरोखर त्या वयाच्या मुलाचे किंवा मुलीचे राष्ट्रीय संघातील स्थान, शिष्यवृत्ती आणि कित्येकदा खेळाविषयीची आस्थाच हिरावली जाते. वय लपवून मिळवलेले यश वरिष्ठ गटात टिकत नाही, त्यामुळे राष्ट्राचीही फसवणूक होते. केंद्र शासनाने २०१० मध्ये खेळांतील वयचोरीविरोधी राष्ट्रीय संहिता लागू केली. मनगटाच्या हाडांच्या क्ष-किरण चित्रावरून वयाचा अंदाज बांधणारी टॅनर-व्हाइटहाऊस पद्धत यासाठी वापरली जाते. ही पद्धत अस्थिवय सांगते, जन्मतारीख नव्हे. म्हणून ती पूरक साधन ठरते. विश्वसनीय जन्मनोंदणी हाच यावरील मूलभूत उपाय आहे.

दुसरी अपप्रवृत्ती उत्तेजक द्रव्यांच्या सेवनाची. खेळांतील उत्तेजकांविरुद्धचा युनेस्कोचा आंतरराष्ट्रीय करार २००५ मध्ये झाला आणि भारताने त्याला २००७ मध्ये मान्यता दिली. राष्ट्रीय उत्तेजक विरोधी संस्था, म्हणजे ‘नाडा’, २००५ मध्ये स्थापन झाली आणि २०२२ च्या राष्ट्रीय उत्तेजक विरोधी अधिनियमाने या व्यवस्थेला वैधानिक आधार मिळाला. तरीही स्थिती चिंताजनक आहे. जागतिक उत्तेजक विरोधी संस्थेच्या २०२३ च्या आकडेवारीनुसार भारतात तपासलेल्या ५,६०६ नमुन्यांपैकी २१४ नमुन्यांत निषिद्ध द्रव्ये आढळली. हे प्रमाण ३.८ टक्के होते. कनिष्ठ खेळाडूंच्या बाबतीत अज्ञान हे मोठे कारण असते. स्थानिक दुकानातून घेतलेली पूरक पोषके किंवा साध्या आजारावरील औषधे यांतूनही निषिद्ध द्रव्य शरीरात जाऊ शकते. सीमा अंतिलचे २००० मधील उदाहरण हेच सांगते. चाचण्यांच्या जोडीने तालुका पातळीवरील प्रशिक्षक आणि पालक यांचे प्रबोधन झाल्याशिवाय हा प्रश्न सुटणे कठीण आहे.

देशांतर्गत व्यवस्था

भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत ‘क्रीडा’ हा विषय राज्य सूचीतील ३३ व्या नोंदीत समाविष्ट आहे. मैदाने, शाळा आणि जिल्हा पातळीवरील प्रशिक्षण यांची प्राथमिक जबाबदारी म्हणूनच राज्यांची आहे. केंद्राची भूमिका राष्ट्रीय महासंघांना मान्यता, आंतरराष्ट्रीय सहभाग आणि विशेष योजना यांपुरती राहते. पतियाळा येथील राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ मध्ये स्थापन झाली. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेनंतर, १९८४ मध्ये, भारतीय क्रीडा प्राधिकरण अस्तित्वात आले. मैदानी खेळांचा राष्ट्रीय महासंघ १९४६ पासून कार्यरत आहे. या महासंघातर्फे घेण्यात येणाऱ्या राष्ट्रीय आंतरजिल्हा कनिष्ठ स्पर्धेत देशभरातील हजारो मुले-मुली धावतात. त्यात चौदा वर्षांखालील मुलांची एकाच प्रकाराऐवजी तीन प्रकारांत एकत्रित चाचणी घेतली जाते. अकाली विशेषीकरण टाळण्याच्या दृष्टीने ही पद्धत स्वागतार्ह आहे.

युवा स्पर्धांच्या आयोजनाचा अनुभवही देशाकडे आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये पुण्यात तिसरी राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाली. ‘खेलो इंडिया’ उपक्रमांतर्गत २०१८ मध्ये दिल्ली येथे शालेय स्पर्धा सुरू झाली. पुढील वर्षी ती पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात ‘युवा क्रीडा स्पर्धा’ या नावाने व्यापक स्वरूपात भरवण्यात आली. या उपक्रमातून निवडलेल्या खेळाडूंना प्रशिक्षणाच्या खर्चाव्यतिरिक्त दरमहा १०,००० रुपये भत्ता देण्याची तरतूद करण्यात आली. २०१४ मध्ये सुरू झालेल्या ऑलिंपिक पदक लक्ष्य योजनेत मुख्य गटातील खेळाडूसाठी दरमहा ५०,००० रुपये आणि विकास गटातील खेळाडूसाठी २५,००० रुपये असा भत्ता ठरवण्यात आला. या पायऱ्या योग्य असल्या, तरी एका योजनेतून दुसऱ्या योजनेत जाताना मध्ये पडणारा खंड हा अनेकांच्या गळतीचा काळ असतो. एखाद्या हंगामात दुखापत झाली, की खेळाडू कनिष्ठ गटाच्या यादीतून वयामुळे आणि वरिष्ठ गटाच्या यादीतून कामगिरीअभावी, असा दोन्हीकडून बाहेर पडण्याची शक्यता असते.

प्रत्यक्षात आजवर हा पूल बऱ्याच अंशी नोकरीने बांधला आहे. नीरज चोप्राला २०१६ मध्ये भारतीय सैन्यदलात नायब सुभेदारपदी थेट नियुक्ती मिळाली, तर हिमा दासची २०२१ मध्ये आसाम पोलीस दलात उपअधीक्षकपदी नेमणूक झाली. सैन्यदले, रेल्वे आणि पोलीस दले यांनी असंख्य खेळाडूंना आधार दिला आहे. तथापि अशा नोकऱ्या बहुधा पदक मिळाल्यानंतर येतात. पदकाच्या उंबरठ्यावर असलेल्या, चौथ्या-पाचव्या क्रमांकावर राहिलेल्या किंवा प्राथमिक फेरीत बाद झालेल्या तरुणांपर्यंत तो आधार पोहोचत नाही.

पुढील दिशा

२०२५ हे वर्ष धोरणात्मक बदलांचे ठरले. २००१ च्या राष्ट्रीय क्रीडा धोरणाच्या जागी ‘खेलो भारत नीती’ स्वीकारण्यात आली, तर राष्ट्रीय क्रीडा प्रशासन अधिनियमाने महासंघांच्या कारभारावर देखरेखीसाठी राष्ट्रीय क्रीडा मंडळाची आणि वादांच्या निवारणासाठी क्रीडा न्यायाधिकरणाची तरतूद केली. या चौकटीत कनिष्ठ खेळाडूंच्या संक्रमणकाळाचा स्वतंत्र विचार होणे गरजेचे आहे. अठरा ते तेवीस या वयोगटासाठी दुखापतीच्या वर्षातही न थांबणारा आधार, विद्यापीठांत परीक्षा आणि उपस्थिती यांबाबत लवचिक नियम, कनिष्ठ प्रशिक्षकाला वरिष्ठ गटापर्यंत खेळाडूसोबत राहण्याची मुभा आणि जिल्हा पातळीवर क्रीडावैद्यक सुविधा या चार बाबींना प्राधान्य देता येईल. यांपैकी कोणतीही बाब केवळ मोठ्या निधीवर अवलंबून नाही. केंद्र, राज्य, महासंघ आणि विद्यापीठे यांच्यातील समन्वय मात्र त्यासाठी अनिवार्य आहे.

२०१३ मध्ये युक्रेनमधील दोनेत्स्क येथे झालेल्या अठरा वर्षांखालील जागतिक स्पर्धेत नीरज चोप्राही उतरला होता. तेथे तो अंतिम फेरी गाठू शकला नाही. त्या एका निकालावरून त्याला बाजूला सारले गेले असते, तर बिडगोश्चचा विक्रम, ७ ऑगस्ट २०२१ चे टोकियो ऑलिंपिकमधील सुवर्ण आणि २०२३ चे बुडापेस्टमधील विश्वविजेतेपद यांपैकी काहीही घडले नसते. कनिष्ठ स्पर्धांतील पदकांची मोजदाद अवश्य व्हावी. परंतु त्या स्पर्धेत उतरलेल्यांपैकी किती जण पाच वर्षांनंतरही मैदानावर आहेत, ही संख्या देशाच्या क्रीडाविकासाचा अधिक विश्वासार्ह निर्देशक ठरेल.